धुराड्याने केला घात

गेल्या शनिवारी इंग्लंडमधल्या डॉनकास्टरजवळच्या एका चर्चच्या सभागृहात भरलेल्या रेल्वे-प्रदर्शनात ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ या प्रसिद्ध ब्रिटिश वाफेच्या इंजिनाच्या माझ्या छोट्या मॉडेलने जेमतेम एक फेरी पूर्ण केली असेल, तोच एका आजोबांनी खिशातून भिंग काढले, गुडघे टेकले आणि इंजिन पुन्हा समोर येईपर्यंत श्वास रोखून धरला.

“हे इंजिन कधी अस्तित्वातच नव्हते,” ते म्हणाले.

डोळ्यांदेखत फिरणाऱ्या वस्तूविषयी असे ऐकून घेणे जड जाते. आजोबांचे म्हणणे असे की, ॲपल ग्रीन, म्हणजे सफरचंदी हिरवा, रंग आणि ४४७२ हा क्रमांक दुसऱ्या महायुद्धापूर्वीचा. दुहेरी धुराडे बसले ते १९५९च्या आरंभी, आणि तोवर इंजिन गडद ब्रन्सविक हिरवे होऊन ६०१०३ या क्रमांकाने धावत होते. मी नेमके तेच, दुहेरी धुराड्याचे गडद मॉडेल स्वस्तात मिळाले म्हणून घेतले होते आणि सतरा रात्री जागून त्यावर ॲपल ग्रीनचे पातळ थर चढवले होते. धुराड्याकडे माझे लक्ष गेले होते ते केवळ त्यावर हिरवे शिंतोडे उडू नयेत म्हणून चिकटपट्टी लावताना.

“शिवाय हिरवा फिका आहे.”

“मुद्दाम फिका केला आहे. लहान वस्तूवर मूळ रंग अधिक गडद दिसतो.”

“मला दिसत नाही,” असे म्हणून त्यांनी चष्मा पुसला.

पेणच्या मूर्तिकाराला पीतांबराची नेमकी छटा कोणत्या सालची, असे कोणी विचारत नाही. याच देशात स्ट्राउडली नावाच्या अभियंत्याने लंडन-ब्रायटन मार्गाची इंजिने चक्क गेरूसारखी पिवळी रंगवून त्या रंगाला ‘सुधारित इंजिन हिरवा’ म्हटले. त्यांच्यापुढे कोणी भिंग धरले होते की नाही, कोण जाणे. माझ्यापुढे मात्र धरले, तेही प्रवेशशुल्क भरून आलेल्या दहाबारा माणसांदेखत, आणि त्यांतला एक मुलगा ‘नव्हतेच म्हणे’ असे आईला सांगत निघून गेला.

मग मी हुकमाचे पान काढले. दुरुस्तीनंतर १९९९ साली खरे इंजिन रुळांवर परतले, तेव्हा ते ॲपल ग्रीन होते, त्यावर ४४७२ हाच क्रमांक होता आणि धुराडेही दुहेरीच होते.

आजोबा जराही विचलित झाले नाहीत. “ठाऊक आहे. ते खरे इंजिनही चूकच होते.”

शेवटी मी रुळांवर आलो. एकास शहात्तर या आमच्या मॉडेलांच्या प्रमाणात रुळांमधले अंतर १८.८३ मिलिमीटर हवे. त्या सभागृहातले झाडून सगळे, त्यांचे स्वतःचेदेखील, १६.५ मिलिमीटरवर धावत होते. हे ऐकताच त्यांनी भिंग मिटले, इकडेतिकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. “रुळांविषयी आपण बोलत नाही,” असे म्हणून ते चहाकडे वळले.

एकेरी धुराडे काल मागवले आहे. त्याच्या टपालखर्चात जवळजवळ आणखी एक धुराडे आले असते.