नाताळातील बाप्तिस्मा इतका सहज नसतो
‘नाताळात लोकांची मने हळवी असतात, म्हणून मॉर्मन मिशनऱ्यांना बाप्तिस्मे सहज मिळतात’ हे लेखातील विधान मला पटले नाही. मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचा मिशनरी, म्हणजे धर्मप्रचारक म्हणून मी स्वतः दोन नाताळ या सेवेत काढले आहेत. त्या दिवसांत दारे लवकर उघडत, हे खरे. परंतु संपूर्ण शरीर पाण्यात बुडवून होणाऱ्या बाप्तिस्म्याआधी, म्हणजे पंथप्रवेशाच्या विधीआधी, धडे, उपासनेला उपस्थिती आणि स्वतंत्र मुलाखत असते, आणि ज्या कुटुंबाला आम्ही डिसेंबरभर शिकवले त्याने पूर्ण विचारान्ती मार्चमध्ये होकार दिला.

एक गोष्ट मात्र लेखातून राहून गेली. फेब्रुवारी २०१९ पूर्वी मिशनऱ्यांना घरी फोन करण्याची मुभा साधारणपणे नाताळ आणि मातृदिन अशी दोनदाच असे. आईचा आवाज ऐकल्यावर डोळे पुसून त्याच संध्याकाळी पुन्हा शिकवायला निघणे मी अजून विसरलेलो नाही.