‘एक पुणेकर’ यांस, रस्ता अडवण्याबद्दल

रविवारच्या खडकवासला सायकल राईडबद्दल मी लिहिलं, त्यावर तुमची प्रतिक्रिया आली: “पंचवीस जण दोन-दोनच्या जोड्यांनी रस्ता अडवता, परतताना सिग्नल पाळत नाही, आणि वर सुरक्षेचे धडे देता. रोज सायकलवर कामाला जाणाऱ्या गवंड्याच्या सायकलला मागे दिवा नसतो, त्याची आठवण होते का कधी? सगळे पन्नास हजारांच्या सायकलींचे चोचले.”

वाचली. चहा घेतला, पुन्हा वाचली. टीकेचं मला वावडं नाही. पण ‘चोचले’? तेही नाव न सांगता? असो.

एक चूक आधीच कबूल करतो. उत्तमनगरच्या बाजारात ग्रुप फोटोसाठी थांबायला नको होतं. मागे टेम्पो खोळंबला होता. फोटो धरणावर काढता आला असता.

आता त्या जोड्या. सायकल साधारण पावणेदोन मीटर लांब. पुढच्या-मागच्यात 2 मीटर तरी अंतर हवं, नाहीतर एकाने ब्रेक दाबला की चौघे आडवे. 24 जण एकामागे एक गेले तर रांग जवळजवळ 90 मीटरची होते; जोड्यांनी गेले तर 45 च्या आत. शिवण्याच्या त्या अरुंद रस्त्यावर एका सायकलवाल्याला नीट अंतर ठेवून ओलांडायचं तरी गाडी समोरच्या लेनमध्ये घालावीच लागते. मग समोरून पीएमपीची बस येत असताना तुम्हाला 90 मीटर उलट्या बाजूला राहायला आवडेल की 45? रस्ता अडवणं म्हणजे काय, ते तुम्हीच ठरवा.

आणि अगदी कडेने का जात नाही, हेही सांगून टाकतो. कडेला गाड्या लावलेल्या असतात. मागे न बघता कोणी दार उघडलं की ते जवळजवळ मीटरभर रस्त्यात येतं. त्यातून वाचलात तर गटाराची जाळी आहे, वाळू आहे. म्हणून पुढचा ‘खड्डा’ म्हणून ओरडतो आणि शेवटचा ‘गाडी’. तुम्हाला हा आरडाओरडा वाटला असेल.

सायकल कोणाची, हे तर मला शिकवूच नका. माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात सायकलने जायचे, पाऊस असो की काही. कारखाना सुटला की रस्ताभर सायकलीच सायकली. तेव्हा कोणी म्हणालं नाही की रस्ता अडवला. सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागायचा. रात्री दिवा नसला तर हवालदार चाकातली हवा सोडायचा, आणि दांडीवर बसलेला मी वडिलांबरोबर पायी घरी यायचो. पन्नास हजार म्हणे! माझी सायकल जुनी घेतलेली आहे, 14 हजारांची. पावती दाखवू?

गवंड्याच्या दिव्याचा विषय वेगळा आहे, त्यावर सवडीने लिहीन.

राहता राहिला सिग्नल. आम्ही निघतो पहाटे पावणेसहाला. त्या वेळी कर्वे पुतळ्याचा सिग्नल पिवळा लुकलुकत असतो. तो कसा पाळायचा, हे तुम्ही समक्ष येऊन दाखवा. येताना चाकात हवा भरून या, पंप आम्ही देणार नाही.