बीगलची जनुकीय चाचणी : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार,

बीगल जातीच्या कुत्र्याच्या पिल्लाच्या रक्तातले बी-१२ जीवनसत्त्व तपासले की भागते, मग जनुकीय चाचणीचा खर्च नागपूरच्या मध्यमवर्गीय माणसावर कशाला, आणि तिच्यात दोषवाहक ठरलेल्या चांगल्या माद्या वाया घालवायच्या का, असे आपण रागाने विचारले आहे.

माद्यांचा मुद्दा आधी घेतो, कारण आपली ती भीती रास्त आहे. ही चाचणी ज्यासाठी करतात तो इमर्सलुंड-ग्रेसबेक, म्हणजे बी-१२ आतड्यात शोषले न जाण्याचा आनुवंशिक विकार, आई आणि बाप दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच होतो. वाहक मादीत असे जनुक एकच असते, म्हणून तिला त्याचा काहीही त्रास नसतो. तिला निर्दोष नर दिला तर या विकाराचे एकही पिल्लू जन्मत नाही. दोन वाहकांची जोडी लावली, तर मात्र प्रत्येक पिल्लाला आजाराची शक्यता २५ टक्के असते. तेव्हा मादी बाद करू नका, जोडी बदला.

वाहकाचे बी-१२ सामान्य असते, म्हणून रक्ततपासणीत तो सापडत नाही. शिवाय बी-१२ कमी आले तरी त्याचे कारण त्या आकड्यावरून कळत नाही. जर्मन शेफर्डमध्ये स्वादुपिंडाचा पाचकरस कमी पडल्यानेही ते घटते. तिथे स्वादुपिंडाचे काम तपासणारी टीएलआय ही रक्तचाचणीच योग्य, जनुकीय चाचणी मी सुचवणार नाही.

बीगलमध्ये बिघडते ते क्युबिलिन नावाचे प्रथिन. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात बी-१२ शोषून घेण्याचे काम ते करते, आणि प्रथिने लघवीतून वाहून जाऊ नयेत म्हणून मूत्रपिंडातही त्याची गरज असते. धरमपेठेतले चार महिन्यांचे एक पिल्लू वाटीला नाक लावून परत फिरायचे, हिरड्या पांढुरक्या पडल्या होत्या, आणि गोचीड तापाचे उपचार सुरू होते. आपल्याकडे पहिली शंका तीच येते आणि ती गैर नाही. पण लघवीत प्रथिन सापडले, तेव्हा डॉक्टरांनी दिशा बदलली. बी-१२ची इंजेक्शने सुरू झाल्यावर ते वाटी चाटूनपुसून संपवू लागले. हा उपचार आता जन्मभराचा आहे, आणि त्याच्या आईबापांची चाचणी जोडी लावण्याआधी झाली असती तर हे दुखणे टळले असते, म्हणून मी इतक्या आग्रहाने लिहितो.

चाचणीसाठी गालाच्या आतून कापसाच्या काडीने घेतलेला नमुना चालतो. पिल्लू अंगावर पीत असेल तर त्याला आधी काही वेळ आईपासून दूर ठेवावे, नाहीतर आईच्या पेशी नमुन्यात मिसळतात. खर्च वाचवायचा असेल तर आधी नराचीच चाचणी करा. तो निर्दोष निघाला तर त्या जोडीपुरती मादीची चाचणी करण्याची गरज नाही.