आधी जीएसटी बघा, मग भाषा

‘भाषिकांची संख्या मोठी ती भाषा आधी, म्हणून नाशिकच्या घरगुती उद्योगांनी साइट हिंदीत सुरू करावी’ हा लेखातला सल्ला पटला नाही. वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत आणि जीएसटी नोंदणी नाही, अशा मसाला-चिवडेवाल्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी पोर्टलवरून नुसता नावनोंदणी क्रमांक घेऊन ऑनलाइन बाजारपेठांवर माल विकता येतो, पण फक्त आपल्याच राज्यात. कंपोझिशनमध्ये (छोट्या व्यावसायिकांसाठी उलाढालीवर ठरावीक कमी दराने जीएसटी भरायची योजना) असलात तरी राज्याबाहेर विक्री बंदच. म्हणजे इंदूरचा ग्राहक हिंदी पान वाचून खूश होईल, पण त्याला माल पाठवणार कसा? अशांनी मराठीच आधी करावी, आणि नीट करावी.

नियमित नोंदणी असेल तर मागच्या तीन महिन्यांच्या ऑर्डरी पिनकोडच्या पहिल्या तीन अंकांनी लावा. ४२२ नाशिक, ३९५ सुरत, ५६० बंगळुरू. मोजायच्या त्या पोहोचलेल्या ऑर्डरी. कॅश ऑन डिलिव्हरीतून परत आलेल्या वगळा, कारण त्यात जाण्या-येण्याचं भाडं आपल्याच खिशातून जातं. सुरत वर आलं तर अख्खी साइट गुजरातीत करायची गरज नाही. मालाचं नाव, वजन, टिकण्याची मुदत, परतीचे नियम आणि डिलिव्हरीचे मेसेज एवढंच आधी करा. मात्र व्हॉट्सॲपवर गुजरातीत उत्तर देणारं माणूस हवंच. ते नसेल तर गुजराती पान टाकूच नका, तक्रार गुजरातीतच येते. पाकिटावरच्या लेबलचं वेगळं आहे: तिथे इंग्रजी किंवा हिंदी लागतेच.