समुद्र आहे, पण भिंतीपलीकडे

जन्म शिवडीत गेला, पण समुद्राचा वारा खायचा तर बस बदलत मरीन ड्राइव्ह गाठायचं! मुंबईचा पूर्व किनारा म्हणजे नुसत्या बंदराच्या भिंती, गंजकी फाटकं आणि ‘प्रवेश निषिद्ध’. अहो, १९८९ साली खाडीपलीकडे न्हावा शेवा बंदर सुरू झालं, बघता बघता कंटेनर तिकडे गेले. मग इथल्या ओस गोदामांवर पहारा कुणासाठी? परवा नातवाला फ्लेमिंगो दाखवायला नेलं, तर वॉचमन म्हणतो, “आजोबा, पास आहे का?” त्या पक्ष्यांकडे मागितलास का रे बाबा? मधूनमधून पेपरात हा किनारा लोकांसाठी खुला करायचा चकचकीत आराखडा येतो. झाडं, बाकडी, सायकलवरची पोरं. (चित्रात चिखल कधीच नसतो.) सध्या भाऊच्या धक्क्यावर रेवसच्या बोटीची वाट बघत नाक दाबून उभं राहायचं, तेवढाच काय तो आमचा समुद्र.