थेम्स ‘माता’ नव्हतीच: नद्यांतल्या ‘देवीं’च्या नकाशांबद्दल फिरणारा खोटा मजकूर

माझी आत्या निवृत्त मुख्याध्यापिका आहे. आधी सनावळी बघा, मग मत बनवा, हे तिने आयुष्यभर मुलांना शिकवलं. त्याच आत्याने परवा एक मजकूर ‘वाचून ऊर भरून आला’ असं लिहून घरच्या ग्रुपवर टाकला, आणि संध्याकाळी सोसायटीतल्या मुलांना तो वाचूनही दाखवला. मुलांपर्यंत गोष्ट गेल्यावर मला गप्प बसवेना.

मजकूर थोडक्यात असा: ‘इंग्लंडच्या राजाने १६१२ साली काढवून घेतलेले हे सरकारी नकाशे पाहा. प्रत्येक नदीत देवी आहे. नदीला माता मानायला इंग्रज भारतात शिकले आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून हा विचार लंडनला गेला. पुढे चर्चने पुस्तकावर बंदी घातली आणि मूळ रंगीत प्रती जाळल्या.’ सोबत एका जुन्या नकाशाचं रंगीत चित्र.

चित्र खरं आहे. ते मायकल ड्रेटन या इंग्रज कवीच्या ‘पॉली-ऑल्बियन’ या काव्यातलं आहे. इंग्लंड आणि वेल्सच्या नद्या, डोंगर, रानं, खोरी यांची ही पद्यातली सफर. एकूण ३० सर्ग, जवळजवळ १५,००० ओळी. पहिले १८ सर्ग १६१२ साली आले, उरलेले १२ सर्ग १६२२ साली. प्रत्येक सर्गाला एक दुपानी नकाशा, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेला. ते कोरीवकाम विल्यम होलचं मानलं जातं. नदीच्या पात्रात उभी असलेली जलकन्या, टेकडीवर मेंढपाळ, रानात धनुष्य घेतलेली शिकारीण, शहराच्या जागी डोक्यावर बुरुजांचा मुकुट घातलेली बाई. बघताना हरखून जावं असंच काम आहे, आणि म्हणूनच त्याच्यावर असला मजकूर चिकटवलेला पाहून संताप होतो.

‘सरकारी नकाशे’ हे तर एका वाक्यात निकालात निघतं. इंग्लंड-वेल्सचे परगणावार नकाशे क्रिस्टोफर सॅक्स्टनने मोजणी करून १५७९ सालीच संग्रहरूपाने छापले होते. कारभाराला लागणारे नकाशे ते. ड्रेटनच्या नकाशांत परगण्यांच्या हद्दीसुद्धा आखलेल्या नाहीत. ते कवितेसोबत बघायचे नकाशे होते.

आता मुख्य मुद्दा, ज्यावर सगळ्यांचा ऊर भरून येतो आहे: ही कल्पना म्हणे कंपनीच्या जहाजातून भारतातून गेली.

फ्रान्सिस मीअर्स नावाच्या लेखकाने १५९८ साली आपल्या काळच्या इंग्रज कवींचा आढावा छापला. त्यात तो स्पष्ट लिहितो की ड्रेटन सध्या ‘पॉली-ऑल्बियन’ नावाचं काव्य लिहितो आहे. म्हणजे १५९८ मध्ये काव्याला नाव मिळालेलं होतं आणि लेखन सुरू होतं. ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली ३१ डिसेंबर १६०० रोजी. जी कंपनी जन्मालाच आली नव्हती, तिच्या जहाजातून कल्पना कशी जाईल? बरं, कंपनीची पहिली सफर भारतात आलीच नाही. जेम्स लँकेस्टरची गलबतं १६०१ साली निघाली ती सुमात्रा आणि जावाकडे, मिऱ्यांसाठी. कंपनीचा विल्यम हॉकिन्स सुरतेला उतरला १६०८ साली. सुरतेजवळ सुवाळीच्या समुद्रात इंग्रज आणि पोर्तुगीज भिडले ते १६१२ च्या अखेरीस, म्हणजे काव्याचा पहिला भाग निघाला त्याच वर्षी. ही सगळी सनावळी कुठल्याही बऱ्या इतिहासाच्या पुस्तकात मिळते. ती ताडून बघायला पाच मिनिटंही लागत नाहीत. मजकूर लिहिणाऱ्याने ती दिली नाहीत, आणि पुढे पाठवणाऱ्या शेकडो लोकांनीही दिली नाहीत.

मग कल्पना आली कुठून? त्यांच्या घरातूनच, आणि त्याआधी रोमहून. टायबर नदीला पुरुषरूपात रंगवणारे लॅटिन कवी शिकलेल्या प्रत्येक इंग्रजाने शाळेत घोकलेले असत. जॉन लेलँडने १५४५ साली थेम्सच्या काठाने पोहत जाणाऱ्या हंसाच्या तोंडी लॅटिन काव्य घातलं. विल्यम कॅम्डेनच्या १५८६ च्या ‘ब्रिटानिया’ या ब्रिटनचं वर्णन करणाऱ्या ग्रंथात टेम आणि आयसिस या दोन नद्यांच्या लग्नाच्या लॅटिन ओळी आहेत. एडमंड स्पेन्सर या कवीने १५९६ साली थेम्स आणि मेडवे या नद्यांचं लग्न लावून दिलं. ड्रेटन याच रांगेतला पुढचा. कॅम्डेनचा ग्रंथ तर त्याच्या हाताशीच होता.

आणि ‘माता’ कुठली? ज्याने ड्रेटनचा एक सर्गही वाचला आहे तो हा शब्द वापरणार नाही. पंधराव्या सर्गात टेम हा नवरदेव आहे, आयसिस नवरी. थेम्स त्यांच्या पोटी येतो, आणि तो मुलगा आहे. सतराव्या सर्गात हे चिरंजीव मेडवेला मागणी घालायला निघतात आणि वाटेत मोल नावाच्या नदीवर भाळतात. मोलची आई, होम्सडेलची दरी, तिला अडवून धरते. तेव्हा मोल जमीन उकरून खालून वाट काढते आणि थेम्सला गाठते. मोल नदीचं पाणी सरे परगण्यात बॉक्स हिलपाशी खरोखरच चुनखडीतल्या विवरांत झिरपतं आणि फार कोरड्या उन्हाळ्यात पात्र कोरडं पडतं. भूगोलातली एक खरी गोष्ट कवीने प्रेमकथेत बसवली. इथे कुणी कुणाची पूजा करत नाही, ओटी भरत नाही. चौथ्या सर्गात तर इंग्लंडच्या आणि वेल्सच्या जलकन्या लंडी बेटाच्या मालकीवरून गाण्याची स्पर्धा लावतात, आणि पुढच्या सर्गात सेव्हर्न नदी निवाडा देते की बेट दोघांचं सारखंच. आपल्याकडे नदीमाहात्म्यात स्नान, तीर्थ, पापक्षालन येतं. त्यातलं या कथांत काहीच नाही.

एक गोष्ट मान्य करावी लागते, मनात नसलं तरी. ब्रिटनमध्ये पाण्याच्या देवता होत्या. बाथ शहरातल्या गरम झऱ्यापाशी सुलिस देवीला लोक नवस बोलत आणि चोरांना शाप देत. शिशाच्या पत्र्यांवर लिहिलेले असे सुमारे १३० शाप उत्खननात मिळाले आहेत. पण ते रोमन काळातलं, ड्रेटनच्या बाराशे-चौदाशे वर्षं आधीचं. आणि तेही भारतातून गेलेलं नाही.

चर्चची बंदी? पहिला भाग राजपुत्र हेन्रीला अर्पण केलेला आहे, त्याचं चित्रही आत आहे. दुसरा भाग राजपुत्र चार्ल्सला. बंदी घातलेलं पुस्तक गादीच्या वारसाला अर्पण करून दहा वर्षांनी पुढचा भाग काढता येत नाही. ड्रेटनचं खरं दुखणं वेगळं होतं: पुस्तक खपेना. दुसऱ्या भागाच्या प्रस्तावनेत तो वाचकांवर आणि पुस्तकविक्यांवर कडाडला आहे. १६३१ साली तो वारला तेव्हा त्याला वेस्टमिन्स्टर ॲबी या लंडनच्या मानाच्या चर्चमध्ये दफनाची जागा मिळाली. ‘जाळलेल्या रंगीत प्रतीं’चं तर बोलायलाच नको. नकाशे छापले गेले काळ्या शाईत. तुम्हाला चित्रात दिसतो तो रंग हाताने भरलेला आहे.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त लागली ती गोष्ट वेगळीच. पहिल्या १८ सर्गांना जॉन सेल्डन या विद्वानाच्या टिपा आहेत. ब्रूट नावाच्या ट्रॉयच्या राजपुत्राने ब्रिटन वसवलं, ही दंतकथा कवी आवडीने सांगतो. सेल्डन त्याच पुस्तकात तिच्यावर शंका घेतो, आणि कसोटी कुठली लावतो? काळ जुळतो का, ही. सोळाशे बारा साली, मित्राच्या काव्यात, देशाभिमानाच्या कथेला. त्याच पुस्तकाच्या नावाने आपण तारखा न बघता गोष्टी पसरवतो आहोत.

नदी आणि निसर्ग याबद्दल ड्रेटनचं काही पाठवायचंच असेल, तर सतराव्या सर्गाचा उत्तरार्ध पाठवा. ससेक्सची रानं तिथे गाऱ्हाणं मांडतात की लोखंडाच्या भट्ट्यांसाठी आमचे ओक आणि ॲश तोडून नेले, आणि माणसांना याची फिकीर नाही. हे खरोखर छापलेलं आहे, १६१२ सालीच.