हेन्री लिटन एका रात्रीत स्टार? 22 वर्षं लागली त्याला

आमच्या काकूंनी हा फॉरवर्ड माझ्या मुलीला पाठवला, वर "क्लासची फी वाचेल की गं" असा शेरा, म्हणून लिहायला बसलोय, नाहीतर असला कचरा मी न वाचताच डिलीट करतो.

तर त्यात म्हणलंय की हेन्री लिटन नावाचा लंडनचा पोरगा थिएटरात पडदे ओढायचा, गाणं शिकलाच नव्हता, 1887 मध्ये हिरो आजारी पडला, हा स्टेजवर घुसला आणि सकाळी स्टार. नंतर कधी गावोगाव फिरावं लागलं नाही, आणि व्हिक्टोरिया राणीने खूश होऊन 'सर' केलं. तात्पर्य, शिकण्यात वर्षं घालवू नका.

पडदे वगैरे काही नाही. 1884 मध्येच तो डॉयली कार्टच्या, म्हणजे गिल्बर्ट-सलिव्हनची विनोदी संगीत नाटकं करणाऱ्या, फिरत्या कंपनीत कोरसला होता, ग्लासगोला, 'प्रिन्सेस आयडा' नाटकात. तिथे बायको लुई हेन्रीच्या ओळखीने शिरला, तेही भाऊ-बहीण आहोत असं सांगून! हे त्याने स्वतःच आठवणींच्या पुस्तकात लिहिलंय. मोठ्या संगीत शाळेतून आला नव्हता, हे मान्य, पोरगा आधी चित्रकला शिकत होता. पण कोरसमध्ये रोज रात्री उभं राहणं, दुसऱ्याची भूमिका पाठ करून ठेवणं, हे शिकणं नाही तर काय आहे?

आता ती रात्र. जानेवारी 1887 मध्ये लंडनच्या सॅव्हॉय थिएटरला त्याच कंपनीचं 'रडिगोर' लागलं आणि आठवड्याभरात मुख्य विनोदी नट जॉर्ज ग्रॉसस्मिथ आजारी पडला. लिटन त्याचा अंडरस्टडी होता, म्हणजे अशा वेळेसाठीच पगार देऊन ठेवलेला माणूस. 'घुसला' काय घुसला! साधारण तीन आठवडे त्याने काम केलं, चांगलं केलं, नाटकाचा लेखक गिल्बर्टही खूश झाला. मग ग्रॉसस्मिथ बरा होऊन आला आणि ह्याने भूमिका गपचूप परत दिली. आणि पुढे काय, तर परत दौरा, तीच भूमिका पण लंडनबाहेर, गाव बदलत, सामान बांधत. कंपनीच्या इतक्या तुकड्या फिरायच्या की त्यांना ए, बी, सी अशी नावं होती. सॅव्हॉयला पक्कं काम मिळायला 1897 उजाडलं, मध्ये 1899 ला स्वतः एक नाटक काढून पैसेही घालवले, आणि ग्रॉसस्मिथवाल्या भूमिकांचा मुख्य विनोदी नट तो झाला 1909 मध्ये. ती एक रात्र फॉरवर्डमध्ये मावते, ही 22 वर्षं मावत नाहीत, एवढाच घोळ आहे.

अर्थात लिटनचा शब्दही सगळीकडे प्रमाण मानू नका. कंपनीच्याच 'द योमेन ऑफ द गार्ड' नाटकातला विदूषक जॅक पॉइंट शेवटी मरतो असं आपणच पहिल्यांदा दाखवलं, असं तो सांगायचा, पण जॉर्ज थॉर्न या दुसऱ्या नटाने 1888 मध्ये मँचेस्टरला ते आधीच केलं होतं. नट लोक आपली गोष्ट थोडी फुगवतातच, आपल्याकडे काय वेगळं आहे.

बाकी राणीचं म्हणाल तर ती 1901 लाच वारली. लिटनला 'सर' मिळालं 1930 मध्ये, पासष्टाव्या वर्षी, आणि त्यानंतरही 1934 पर्यंत तो कंपनीबरोबर दौऱ्यावर फिरतच होता.